बाबा गेले, खातं चालू राहिलं

सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. लातूरला आमच्या खोलीत मी मशीनवर साडीला फॉल लावून राहिले होते, पोरगी चिंध्यांत खेळत होती, आणि कपाटावरचा बाबांचा मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज होता. बाबांच्या खात्यातून नायगावच्या एटीएमवर दहा हजार रुपये काढले.

बाबांना जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

तिथून हे सुरू झालं. फॉल-पिकोचं काम करणाऱ्या बाईला माहीत असतं, गिऱ्हाईक साडी घेऊन जातं आणि चिंध्या आपल्याकडंच राहतात. मेलेल्या माणसाच्या पैशाचं तसंच आहे. पैसा कोणीतरी नेतं, किस्से आपल्याकडं साचतात. साड्या टाकायला येणाऱ्या बाया म्हणतात, ते तेराव्याचं सांग ना, ते बँकेतलं सांग ना. सांगताना मी हसते. घडत होतं तेव्हा मात्र अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी एवढं सांगते. बाबा नायगावला एका शाळेत शिपाई होते. रिटायर झाल्यावर मिळालेला बराचसा पैसा त्यांनी एफडीत टाकला, बाकीचा खात्यात ठेवला. शेवटी नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मी होते. तिथं ते मला दोनदा म्हणाले, "माझ्या मागं हे तुझ्या मायला पुरंल." माय नायगावलाच, बाबांनी बांधलेल्या घरात दादा-वहिनीबरोबर राहते. दवाखान्यातून बाबांचा मोबाईल माझ्याकडं आला आणि एटीएमचं कार्ड दादाकडं गेलं.

*

मेसेज वाचला तेव्हा पहिलं मनात काय आलं, तर बाबा एटीएमला गेले. चप्पल अडकवून, काखेत पिशवी धरून, जसे जायचे तसे. मग भान आलं.

मालकांना फोन केला. त्यांचं पंक्चरचं दुकान आहे.

"अहो, बाबांच्या खात्यातून कोणीतरी पैसे काढले."

ते म्हणाले, "कोणीतरी नव्हं. ज्याला पिन माहीत हाय, त्यानं."

पिन दोघांनाच माहीत होता. बाबांना आणि दादाला.

दादाला फोन लावला. "दादा, बाबांचं कार्ड तुझ्याकडं हाय का?"

"हाव. तेराव्याचा खर्च काय आभाळातून पडतो?"

खर्च होता, हे खरंच होतं. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच टायमाला परत मेसेज आला. तिसऱ्या दिवशी परत. अकरा वाजत आले की माझी मशीन थांबायची. चौथ्या दिवशी तर मोबाईल वाजल्याबरोबर माझी दीड वर्षाची पोर कपाटाकडं बोट करून म्हणाली, "आबा."

*

मग दहाव्याला नायगावला गेले, तर स्टँडसमोर भला मोठा बॅनर. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' वरच्या कोपऱ्यात बाबांचा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून फाटल्यासारखा झालेला. मधोमध दादा. पांढरा शर्ट, हात जोडलेले, डोळ्यावर गॉगल. त्याच्याखाली त्याचे सतरा-अठरा दोस्त, शोकाकुल म्हणून, सगळे केस विंचरून. दादाला नगरपंचायतीला उभं राहायचं होतं.

माझ्यामागून एक म्हातारी एसटीतून उतरली. बराच वेळ बॅनरकडं बघत राहिली.

"कोण वारलं गं माय? मधला का?"

"न्हाई, वरचे. ते बारीक दिसतात ते."

"मग मधला कोण?"

"त्यांचा मुलगा."

म्हातारीनं गाठोडं डोक्यावर घेतलं. "त्येला किती दुःख झालं असंल," ती म्हणाली. "चष्मा बी काढवंना."

*

तेराव्याला आमच्याकडं दुखवट्याचा आहेर असतो. मामाकडचे लोक भावाला टोपी-उपरणं करतात आणि भाऊ बहिणीला साडी-चोळी. पंगत बसता बसता हे होतं. सगळी भावकी समोर बसलेली असते, डोळे ओले असतात, आणि त्या वेळी बहीण भावाला काही नाही म्हणत नाही. आमच्या भागात बहिणींच्या सह्या याच टायमाला घेतात. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं.

दादानं साडी माझ्या हातात ठेवली. मोतिया रंगाची, चांगली होती. साडीच्या घडीत कागद होता.

"सही कर इथं. बँकेचं काम हाय."

मी सातवी शिकलेली आहे. मला वाचता येतं, पण मनातल्या मनात वाचता येत नाही. गुरुजींनी मोठ्यानं वाचायला लावलं होतं, ते तसंच राहिलं. स्टॅम्प पेपर डोळ्यासमोर धरला आणि सुरू झाले.

"मी… लिहून देते की… माझे मयत वडिलांचे… बँकेतील सर्व रकमेवरील… माझा हक्क…"

दादा हळूच म्हणाला, "वाचू नको, सही कर."

"…माझा हक्क मी राजीखुशीने… माझ्या भावास…"

पंगतीतली माणसं बोलायची थांबली. वाढणारा पोळ्यांची चळत घेऊन जागेवरच उभा राहिला. मलाही आवाज बारीक करायचं सुचेना. 'भावास' पर्यंत आले आणि थांबले.

मागून चुलत आजोबा म्हणाले, "थांबली का? वाच की पुढं. भावास काय?"

मी म्हणलं, "दादा, आधी जेवून घेते. मग बघू." आणि सरळ पंगतीत जाऊन बसले. एकदा हात खरकटे झाले की कोणी पेन देत नाही. तेवढ्या एका भरवशावर त्या दिवशी मी वरण-भात, पोळी, भाजी, परत वरण-भात, आणि बुंदी तीनदा घेतली. दादा दारात कागद धरून उभा. मामी मला वाढता वाढता कानात म्हणाली, "अजून थोडं बस. चारची एसटी हाय."

*

तुम्ही म्हणाल, लगेच बँकेत का गेले नाही. त्याचं कारण असं की आमच्या घरात, गल्लीत, पाहुण्यांत, सगळ्यांचं एकच म्हणणं. माणूस मेला म्हणून बँकेत सांगितलं की पैसा सरकारजमा होतो. म्हणून कोणी सांगतच नाही. मेलेल्या माणसाचं खातं आमच्याकडं वर्ष-वर्ष जिवंत असतं. मामा तर मला फोनवर म्हणाले, "बँकेला कळू देऊ नको रेखा, नाहीतर तुझ्या बापाची कमाई दिल्लीला जाईल."

दिल्लीला जाण्यापेक्षा दादाकडं गेलेली बरी, असं म्हणून मी महिनाभर गप होते.

मग एकदा मायचा फोन आला. माय कधी काही मागत नाही. म्हणाली, "येशील तेव्हा कात अन् चुना घेऊन ये. सुनेला किती बार मागू."

फोन ठेवला आणि मला बाबांचं ते 'पुरंल' आठवलं. दुसऱ्या दिवशी पोरीला काखेला मारून पहाटेची एसटी धरली. मृत्यूचा दाखला दादानं कपाटात कुलपात ठेवला होता. पण बाबा नांदेडच्या दवाखान्यात गेले, तर नोंदही नांदेडलाच. तिथं अर्ज केला, सख्खी मुलगी म्हणून आधार कार्ड दाखवलं, मला दाखल्याची वेगळी प्रत मिळाली. तिथून नायगावची बँक.

काउंटरवर एक वयस्कर साहेब होते. मी दाखला दिला आणि घाबरत विचारलं, "साहेब, हे सांगितलं म्हणून पैसा दिल्लीला तर जाणार न्हाई ना?"

त्यांनी वर बघितलं. "बाई, दिल्लीला जायचा असता तर मीच घेऊन गेलो असतो. फिरायला."

मग त्यांनी नीट सांगितलं. खातेदार वारला असा अर्ज आणि दाखला दिला की खातं गोठतं, कार्ड बंद होतं. पैसा तिथंच राहतो, वारसांचा म्हणून. पण एफडीवर नॉमिनी दादा होता.

"मग ती एफडी दादाची झाली?"

"नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनीऑर्डर घ्यायची अन् ज्याची त्याला नेऊन द्यायची."

"अन् पोस्टमननं खिशात घातली तर?"

साहेब म्हणाले, "त्यानं मागितली की आम्हाला द्यावी लागते. म्हणून त्याच्या आधी कोर्टाचा कागद आणा. लवकर आणा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. बाबांचा मोबाईल वाजला नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा वाजला. दादा होता.

"बँकेत कोण गेलतं?"

*

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मालक म्हणाले, "तू चढ. तुझी सातवीच झालीय."

नांदेडच्या कोर्टात बायांना सरकारकडून वकील फुकट मिळतो, हे मला एका गिऱ्हाईक बाईनं सांगितलं होतं. तिच्या पिकोचे पैसे मी घेतले नाहीत. कोर्टातच एक ऑफिस आहे, तिथं साधा अर्ज करायचा, कमाई किती ते बायांना विचारत नाहीत. मला एक तरुण वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी पोरीच्या हातात एक शिक्का खेळायला दिला आणि मला म्हणाल्या, "सांगा."

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का? नव्हतं. मग आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा. लग्न झालं म्हणून मुलीचा कमी होत नाही. तेराव्याचा खरा खर्च भाऊ वजा मागू शकतो, बाकी हिशेब त्याला द्यावा लागेल.

"आता करायचं काय ते तुमच्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "एक, नोटीस पाठवू, समजुतीनं मिटलं तर बरं. दोन, कोर्टातून वारसा प्रमाणपत्र काढू, आणि तोवर एफडी कोणी मोडू नये म्हणून मनाई मागू. तीन, पोलीस. माणूस मेल्यावर त्याच्या खात्यातून असे पैसे खाणं हा गुन्हा आहे."

पोलीस म्हणल्यावर माझ्या डोळ्यासमोर दादा आला. मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा, तो दादा. मला पैसे नकोत असं म्हणवत नव्हतं, पोर वाढत होती. हवेत म्हणायचीही लाज वाटत होती.

मी विचारलं, "मॅडम, भाऊबीज शाबूत राहील असं एखादं कलम हाय का?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. "शोधते आहे," त्या म्हणाल्या. "मला पण दोन भाऊ आहेत."

*

नोटीस गेली. दादानं ती घेतली नाही, तशीच परत आली. मग अर्ज कोर्टात लागला, एफडीवर तात्पुरती मनाई मिळाली, आणि रिवाजाप्रमाणे पेपरात जाहीर नोटीस आली. बाबांचं पूर्ण नाव, खाली आमची सगळ्यांची नावं, कोणाची हरकत असल्यास कळवावे.

मी दिवसभर घराबाहेर पडले नाही. वाटलं, आता पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि झालंही तसंच. हदगावच्या आत्याच्या पोरानं त्या नोटिशीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

मी मोबाईल हातात धरून बसले. पहिलं उत्तर आलं मोठ्या मामांचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग मामीचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग धर्माबादच्या मावशीचं. 'विनम्र अभिवादन, भाऊजी देवमाणूस होते.' पेपरात बाबांचं नाव बघितलं, चौकट बघितली, आणि कोणी पुढं वाचलंच नाही. चौदा जणांनी श्रद्धांजली वाहिली.

पंधरावा दादा. त्यानं वाचलं होतं. तो ग्रुप सोडून गेला.

*

त्यानंतरच्या रविवारी दादा लातूरला आला. पांढरी सेकंडहँड गाडी घेऊन. गल्लीतली पोरं गोळा झाली. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाबांचा आशीर्वाद'.

मी दारातूनच वाचलं. मोठ्यानंच वाचलं.

दादा आत येऊन बसला. मी चहा ठेवला, साखर दोनदा टाकली. दादा म्हणाला, "रेखा, केस मागं घे. एका आईच्या पोटचे आपण. उद्या तुझ्या पोरीच्या लग्नात मामा कोण म्हणून उभा राहील?"

त्याचं म्हणणं मला लागलं होतं, आणि त्याला ते दिसलं होतं.

मालक तोवर बाहेर गाडीभोवती फिरून आले. दादानं विचारलं, "काय दाजी, कशी वाटली गाडी?"

मालक कमी बोलतात. दिवसभर टायर बघून त्यांना माणसं पण तशीच दिसतात.

"टायर चारही नवे हायत," ते म्हणाले. "सासऱ्यांच्या चपलेला मीच टायरचा तुकडा लावून दिलता. दोन बार."

दादानं चहा अर्धा ठेवला.

*

मग मायच्या जबाबाची तारीख आली. मॅडम आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "तुमच्या आई काय म्हणतात त्यावर बरंच आहे. त्यांनी आपला वाटा मुलाला दिला तर मी त्यांना अडवू शकत नाही."

माय काय म्हणणार हे मला माहीत होतं. रात्री ज्या घरात झोपायचं, त्या घराविरुद्ध बाई बोलत नाही. मी तिला दोषही देणार नव्हते. नांदेडला जाताना पोरगी मांडीवर झोपली होती आणि मी स्वतःला एकच समजावून राहिले होते, माय काही म्हणो, तिच्यावर रुसायचं नाही.

दादा तिला गाडीत घालून घेऊन आला होता. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला वहिनी. मायनं माझ्याकडं बघितलं नाही. वहिनी तिचा पदर नीट करत म्हणाली, "आत्याबाई, ध्यानात हाय ना?"

"हाय," माय म्हणाली.

नाव पुकारलं. माय पुढं जाऊन उभी राहिली. एवढीशी दिसत होती. जजसाहेब म्हणाले, "आजी, घाबरू नका. तुमचं जे म्हणणं असेल ते सांगा."

मायनं हात जोडले आणि एका दमात, शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तसं म्हणली, "माझा मुलगा माझा सांभाळ करतो. मला कशाची कमी नाही. माझ्या नवऱ्याचा समदा पैसा माझ्या मुलाला द्यावा. माझी काही तकरार नाही."

टायपिंगवाल्या बाईनं टकाटक उतरवून घेतलं. दादानं रुमालानं तोंड पुसलं. मी पोरीच्या टोपडीची गाठ सोडून परत बांधली.

"ठीक आहे आजी," जजसाहेब म्हणाले. "बसा."

माय बसली नाही.

"लिवलं का साहेब?"

"लिहिलं."

"समदं? एक बी शब्द ऱ्हायला न्हाई ना?"

"नाही राहिला."

"बरं झालं. ते पोराचं होतं. नायगावपासून गाडीत पाठ करून घेतलं त्यानं, चुकलं असतं तर बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं." मायनं जोडलेले हात सोडले. "आता माझं लिवा."

टायपिंग थांबलं होतं, ते परत सुरू झालं.

माझा वाटा माझ्या हातात पाहिजे, लेकीचा लेकीला द्या, पोराचा पोराला द्या, तो बी माझाच हाय, असं ती म्हणली. सावकाश, एकेक शब्द, टायपिंगवाल्या बाईच्या बोटांकडं बघत.

बाहेर आलो. दादा आणि वहिनी आमच्याशी न बोलता पुढं गेले. मी घाबरून विचारलं, "माय, आता राहशील कुठं?"

"कुठं म्हंजे? माझ्या घरी. घर काय त्याच्या गाडीत हाय?"

मग ती व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या सखूबाईला फोन लाव. तिचा मालक जाऊन महिना झालाय. तिचं पोरगं तिला उद्या साहेबापुढं नेऊन राहिलंय."

"तिला काय सांगू?"

"सांग, पोरगं शिकवील ते आधी नीट म्हण. चुकू नको. समदं लिवून झालं का विचार. मग बसू नको, आपलं सांग." फोन लागत होता तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "अन् तिला म्हणावं, हे पोटात ठिवू नको. पुढं जिला लागंल त्या बाईला बी सांग."